सेन्सॉरशिपच्या कायद्याला पाठिंबा देणाऱ्या कंपनीवर सोलापुरातल्या छोट्या दुकानदारानं बहिष्कार टाकून काही फरक पडतो का?

पडतो, पण एकट्यानं गप्प बसून टाकलेल्या बहिष्कारानं नाही. २०११ मध्ये अमेरिकेत ‘सोपा’ (SOPA) विधेयक आलं. ऑनलाइन चाचेगिरी (पायरसी) रोखण्याच्या नावाखाली अख्खी संकेतस्थळं अडवायची सोय त्यात होती. डोमेन, म्हणजे संकेतस्थळांची नावं, विकणाऱ्या गोडॅडी कंपनीनं त्याला पाठिंबा दिला. लोक चिडले, डोमेन दुसरीकडे नेऊ लागले, त्यासाठी २९ डिसेंबर हा दिवसही ठरला. कंपनीनं २३ तारखेलाच पाठिंबा मागे घेतला! विधेयक मात्र तेवढ्यानं थांबलं नव्हतं. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद राहिला, खासदारांकडे तक्रारींचा पाऊस पडला, मग दोनच दिवसांत ते बाजूला ठेवलं गेलं.

म्हणून कंपनी सोडून जाताना कारण लेखी कळवाच. नाहीतर त्यांना वाटेल, स्वस्त मिळालं म्हणून गेला.

चादरी-टॉवेल ऑनलाइन विकत असाल तर दिवाळीच्या तोंडावर ही हलवाहलव नको. डोमेन नवीन घेतलं असेल तर ६० दिवस सहसा हलवता येत नाही. हलवताना जुन्या कंपनीकडे डोमेनला लावलेलं लॉक काढा, तिच्याकडून ट्रान्सफर कोड घ्या, तो नव्या कंपनीला द्यायचा असतो. आणि दुकानाचा ईमेल त्याच कंपनीकडे असेल तर आधी तो दुसरीकडे सुरू करा, ऑर्डरी अडकायला नकोत.