चर्चच्या ‘युद्ध थांबवा’ या आवाहनांनी कधी एखादं युद्ध थांबलं आहे का?

थांबलं आहे. अर्जेंटिना आणि चिली १९७८ च्या डिसेंबरात दक्षिण टोकाच्या तीन बेटांवरून लढायच्या अगदी बेतात होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अँतोनियो सामोरे यांना मधे पाठवलं, युद्ध टळलं, १९८४ मध्ये करार झाला. मोझांबिकच्या यादवीचा तह ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये झाला आणि ती बोलणी घडवून आणण्यात संत एजिदियो ही साध्या ख्रिस्ती माणसांची संघटना होती. आपल्याकडचं उदाहरण हवं तर नागालँड. १९६४ मध्ये तिथल्या बाप्टिस्ट चर्चच्या पुढाकाराने जयप्रकाश नारायण, इंग्रज पाद्री मायकेल स्कॉट आणि आसामचे मुख्यमंत्री चालिहा यांचं शांती मंडळ बसलं आणि ६ सप्टेंबरपासून शस्त्रसंधी लागू झाली. ती कायमची टिकली नाही. पण टिकली तेवढे दिवस कितीतरी पोरं संध्याकाळी घरी आली.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाखालच्या ओळीमुळे. आपले सैनिक सीमेवर असताना दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना करणं हा देशाशी दगा नाही का, असं तुम्ही विचारलंय. हाच प्रश्न मला २६ वर्षांपूर्वी तोंडावर विचारला गेला होता, आणि तेव्हा मी गप्प बसले.

माझे बाबा नागपूरजवळच्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. तोफगोळ्याचं रिकामं कवच लेथवर उतरवायचं, हे त्यांचं काम. रात्री जेवणं झाली की आई बल्बखाली त्यांचा हात मांडीवर घेऊन शिवणाच्या सुईने बोटात रुतलेला लोखंडाचा कीस काढत बसायची. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल सुरू झालं आणि बाबांना ओव्हरटाइम लागला, कधी कधी रविवारीसुद्धा. माझी बीएडची फी त्याच पैशांतून भरली. हे मी लपवत नाही. शांतीबद्दल बोलते तेव्हा हे आधी आठवतं.

जुलैचा पहिला रविवार होता. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मध्यस्थीच्या म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थना तरुणांनी लिहायच्या असं ठरलं होतं, आणि माझी पाळी होती. शहीद जवान, जखमी, त्यांची घरं, सगळं लिहिलं. शेवटी एक ओळ लिहिली: ‘त्या डोंगरावर पलीकडून आलेल्या आणि मेलेल्या पोरांसाठी, आणि त्यांच्या आयांसाठी.’ उपासनेआधी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीतल्या एका काकांनी कागद मागितला. फॅक्टरीत बाबांच्याच वर्कशॉपमधले, मला लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं, खिशातला पेन काढला आणि ती ओळ दोनदा खोडली, इतकी दाबून की कागद मागच्या बाजूने फुगला.

“त्यांच्या आया कशाला, बेटा? आपल्या आया कमी रडून राहिल्या का? अन् चर्चमधी राजकारण नको.”

मी तेवीस वर्षांची होते. उरलेलं वाचलं आणि जागेवर जाऊन बसले.

त्या दिवशी बाबांची ड्यूटी होती. संध्याकाळी आल्यावर त्यांना सांगितलं. मला वाटलं, ते काकांचीच बाजू घेतील. ते बराच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, “मी बनवतो तो गोळा कुठं तरी पडतोच नं. तिथं बी कोणाची माय असंलच. वाचायला पाह्यजे होतं तू.” पुढे निवृत्तीपर्यंत आणि नंतरही ते या विषयावर एक शब्द बोलले नाहीत.

आता काकांना जे तेव्हा म्हणायला हवं होतं ते म्हणते. त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. पाकिस्तानने सुरुवातीला स्वतःचेच सैनिक ओळखायला नकार दिला, तेव्हा आपल्या सैन्याने त्यांच्यातल्या अनेकांना इस्लामी रीतीने, सन्मानाने मूठमाती दिली. म्हणजे ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या जात होत्या त्या जवानांना जे जमलं, ते नागपुरात पंख्याखाली बसलेल्या कमिटीला जमलं नाही. दगा म्हणायचा तर कोणी कोणाशी केला? शत्रूवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, हे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांच्या मानेवर रोमी सत्ता बसलेली होती. शत्रू कोण, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

आणखी एक. काका नेहमी अभिमानाने सांगायचे की २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा ते तिथे हजर होते. अभिमान मलाही आहे, ती गोष्ट आपल्या गावात घडली. पण त्या दिवशी जे सहा पंथ एक झाले त्यांत चर्च ऑफ द ब्रेद्रन होता, आणि ब्रेद्रन लोकांनी १७०८ पासून, जर्मनीत पहिला बाप्तिस्मा झाला तेव्हापासून, युद्धाला विरोध केला आहे. त्यासाठी त्यांनी दंड भरले, तुरुंग सोसले. ती शिकवण आपल्या मंडळीच्या पायातच घातलेली आहे. ती कोण्या बाहेरच्याने आणलेलं राजकारण नाही.

न्यायाबद्दल थोडं. तुम्ही विचारलंय की आवाहनात प्रत्येक वेळी ‘शांती’ला ‘न्याय’ का जोडतात. शेतीच्या घरातले असाल तर धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण पाहिलं असेल. एकाने रातोरात धुरा सरकवला, आणि गावाने दोघांनाही म्हटलं, शांत राहा बाप्पा, भांडू नका. त्या शांततेचा फायदा कोणाला? शांती नसताना ‘शांती, शांती’ म्हणणाऱ्यांवर बायबलमधला संदेष्टा यिर्मया चिडला होता तो याचसाठी. पोप पॉल सहावे यांनी १९७२ च्या जागतिक शांतिदिनासाठी हाच विषय दिला: शांती हवी असेल तर न्यायासाठी काम करा.

आणि युद्ध सीमेवर असतं असं ज्यांच्या घरचं कोणी डिफेन्सला नाही त्यांनाच वाटतं. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली, त्यात जवानांबरोबर आग विझवणारे कर्मचारीही गेले. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला, ८ कामगार मेले. एकही गोळी न झाडता आपल्या विदर्भातली माणसं युद्धात मरतात. त्यांची नावं स्मारकांवर सहसा दिसत नाहीत.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून सांगते. ख्रिस्ती माणसाने सैन्यात जाऊ नये असं मी म्हणत नाही. माझा मामेभाऊ सैन्यात होता. जुन्या काळचे धर्मशास्त्री संत ऑगस्टिन यांच्यापासून चर्चचा मोठा प्रवाह नाइलाजाच्या युद्धाला जागा देत आलाय, आणि हिटलरसमोर प्रार्थना पुरली असती असं मला वाटत नाही. चर्चचे हातही स्वच्छ नाहीत. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायांच्या पट्ट्याच्या बकलावर ‘देव आमच्यासोबत’ असं कोरलेलं होतं, आणि २०२२ मध्ये मॉस्कोच्या पॅट्रिआर्कनी, म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखांनी, युक्रेनवरच्या हल्ल्याची पाठराखण केली. म्हणून तर आवाहन पुन्हा पुन्हा करावं लागतं, आधी आपल्याच लोकांना.

तुम्ही ख्रिस्ती आहात की नाही हे प्रश्नावरून कळत नाही. असाल, तर तुमच्या मंडळीत मध्यस्थीची प्रार्थना कोण लिहितं ते विचारा आणि ते काम मागून घ्या. मी गेल्या वर्षी मागून घेतलं. ११ मे २०२५, रविवार. शस्त्रसंधी जाहीर होऊन एक रात्र झाली होती, आणि योगायोगाने तो मातृदिनाचा रविवार होता. आधी पहलगामच्या २६ जणांसाठी वाचलं, मग पूंछमध्ये तोफमाऱ्यात गेलेल्यांसाठी, आपल्या जवानांसाठी, आणि मग १९९९ ची ती ओळ, एक शब्द न बदलता. ‘पलीकडून आलेल्या’ हे शब्द या वेळी नीट बसत नव्हते, तरी तशीच वाचली.

काका तिसऱ्या बाकावर होते, आता ऐंशीच्या पुढे. उपासनेत एकमेकांना हात देऊन शांतीचा सलाम देताना मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी हात पुढे केला, “प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो” असं म्हणाले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. हात मात्र लवकर सोडला नाही. त्यांच्या अंगठ्याखाली अजून काळे ठिपके आहेत, बाबांच्या हातावर होते तसेच.