पंचनाम्यातले आकडे वाचणारी माणसं हवीत

प्रश्न : मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. आमचं गाव महामार्गालगत, अपघात नेहमीचेच. त्यांच्या आकडेवारीवर काम करून करिअर होईल का? बाबा म्हणतात, बँक किंवा विमा बघ. – एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : होईल, आणि तू यावंस असं मला मनापासून वाटतं. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्या वर्षीच्या सरकारी अहवालात 70 टक्क्यांहून जास्त अपघातांचं कारण एकच : अतिवेग. आता हे आकडे ज्यातून येतात, ती पोलिसांतली एखादी फिर्याद वाचून बघ. ‘भरधाव वेगात, हयगयीने वाहन चालवून’ हे शब्द ठरलेले. वळणाचा उतार चुकलाय, दुभाजक मध्येच तुटलाय, हे कारणाच्या रकान्यात येतच नाही. म्हणून आधी नोंदीवर शंका घ्यायला शिक.

दुसरी गोष्ट तुझ्या विषयातली. 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, की तो ब्लॅक स्पॉट. समज, एका वळणावर यंदा सहा अपघात झाले. फलक लावला, रंबलर टाकले, पुढच्या वर्षी दोनच झाले. श्रेय फलकाचं? ते वळण आपण निवडलं त्याच्या सर्वांत वाईट वर्षामुळे. काही न करताही आकडा थोडा उतरलाच असता. हेच रिग्रेशन टू द मीन. म्हणून त्या जागेची नोंद आणि तशाच इतर रस्त्यांवरचा अपेक्षित आकडा एकत्र तोलतात; त्या पद्धतीला एम्पिरिकल बेज म्हणतात. अपेक्षित आकडा काढायला पॉयसन हे घटना मोजण्याचं साधं मॉडेल बहुधा पुरत नाही, कारण ते प्रसरण, म्हणजे आकड्यांचा चढउतार, सरासरीइतकाच धरतं आणि अपघातांत तो त्याहून जास्त असतो. तिथे हा जादा चढउतार सामावणारं निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल लागतं. हे नीट न केल्यास पैसा चुकीच्या वळणावर जातो आणि खऱ्या धोक्याच्या जागी माणसं मरत राहतात.

आधी एमएस्सी कर. आयआयटीसाठी ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर दे, ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शिकून घे. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था (सीआरआरआय), आयआयटींमधले वाहतूक विभाग, रस्ता सुरक्षा ऑडिट करणाऱ्या सल्लागार कंपन्या इथे कामं असतात. बरीचशी प्रकल्पापुरती, कंत्राटी. सुरुवातीचा पगार बँकेइतका नसेल, हे घरी आधीच सांग.

आणि बाबांना हेही सांग की वाहनविम्याचे दावे मोजायला हीच मॉडेलं लागतात. विम्याची वाट बंद होत नाही.