स्टॉकफिश विरुद्ध लीला, म्हणजे बुद्धिबळ खेळणारी दोन सॉफ्टवेअर (इंजिनं): माझ्या लॅपटॉपवर लीला 10 पैकी एकही डाव जिंकली नाही, मग तिच्या स्टाइलचं एवढं कौतुक का?

लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे की नाही हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर सुसाट पळतं, सेकंदाला लाखो पोझिशन्स चाळून टाकतं. लीला त्या मानाने अगदी थोड्या बघते, पण प्रत्येक पोझिशन भल्यामोठ्या न्यूरल नेटवर्कमधून, म्हणजे डावांवरून शिकलेल्या मॉडेलमधून, काढते आणि ते नेटवर्क ग्राफिक्स कार्ड नसेल तर रडतखडत चालतं. म्हणजे तुम्ही तिला हात बांधून आखाड्यात उतरवलंत. हीच लीला 2019 मध्ये टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत 15व्या सीझनच्या फायनलला, जिथे दोघांनाही तगडं हार्डवेअर असतं, स्टॉकफिशला 53.5–46.5 ने हरवून गेली होती. पुढे स्टॉकफिश परत वर आलं आणि आज नुसत्या ताकदीत तेच पुढे आहे, त्यात वाद नाही.

आता 10 डावांचं. एवढ्यावरून कोण किती भारी ते कळत नाही हो, 20 डाव खेळवले तरी शंभरेक एलो (ताकद मोजायचे रेटिंग पॉइंट) इकडेतिकडे सहज होतात. एलोचा हिशोब असा की 100 पॉइंटचा फरक म्हणजे वरचढाला साधारण 64 टक्के गुण. 2017 मध्ये अल्फाझीरो या न्यूरल नेटवर्कवाल्या इंजिनाने स्टॉकफिश 8 ला 100 डावांत 28 जिंकून आणि 72 बरोबरीत सोडवून हरवलं तेव्हा सगळीकडे धुरळा उडाला, पण मोजा ना, बरोबरीचा अर्धा गुण धरून 64 गुण झाले, म्हणजे 100 एलोच. त्यातही चालीला ठरलेला एक मिनिट आणि स्टॉकफिशला फक्त 1 जीबी हॅश (बघितलेल्या पोझिशन्स लक्षात ठेवायची मेमरी), यावर बरीच बोंबाबोंब झाली होती. मग 2018 मध्ये याच दोघांच्या 1000 डावांचे आकडे आले, अल्फाझीरोने 155 जिंकले, 6 हरले, बाकी ड्रॉ, आणि तोच फरक पन्नास एलोच्या आसपास आला. त्यामुळे इंजिनांच्या कुठल्या रेटिंग यादीत कुणाच्या नावापुढे 3600 लिहिलंय ते बघून हुरळून जाऊ नका, तो आकडा त्या यादीतल्या इंजिनांपुरता, तिथल्या वेळेपुरता आणि मशीनपुरता. त्यावरून कार्लसनसारख्या माणसाशी तुलना करणं तर अगदीच फालतू.

स्टाइलचा मुद्दा मला जास्त आवडतो. जुनी इंजिनं मोहरे मोजणारी होती, फुकटचं प्यादं दिसलं की हात आवरत नसे. प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला की त्यांना काहीच सुचायचं नाही, 2008 मध्ये ग्रँडमास्टर नाकामुराने रिब्का या इंजिनाला अशाच बंद पटावर 271 चालींपर्यंत खेळवलं, रिब्का आपण पुढे आहोत या भ्रमात ड्रॉ टाळायला स्वतःच मोहरे देत बसलं आणि हरलं. अल्फाझीरो आणि मागोमाग लीला यांचं वेगळं. राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं ढकलत ढकलत पार सहाव्या घरात नेऊन ठेवायचं, एखाददुसरं प्यादं सोडून द्यायचं, आणि समोरच्याचा उंट नाहीतर हत्ती असा कोंडायचा की तो पटावर असून नसल्यासारखा. हल्ला लगेच दिसत नाही, वीसेक चालींनी कळतं की श्वासच घेता येत नाहीये.

पण तिच्या खोडीही आहेत. इथे इंदूरला रामबागेत आम्ही काही जण संध्याकाळी बसतो, तिथे मी लीलाचा एक जुना डाव नावं झाकून दाखवला. वजीर जास्त, सरळ मात दिसतेय, आणि ही बाई राजा इकडून तिकडे हलवतेय. एक रिटायर्ड काका वैतागून ओरडले, 'अरे भिया, अब मात दे ना!' कारण साधं आहे, तिचं नेटवर्क 'जिंकण्याची शक्यता किती' एवढंच सांगतं, ती 99 टक्क्यांवर पोचली की मात 3 चालींत काय नि 30 चालींत काय, तिला सारखंच. स्टॉकफिश असली मात सोडणार नाही.

हल्ली मात्र नुसता डाव बघून ओळखणं कठीण झालंय. स्टॉकफिशने 2020 मध्ये 12व्या व्हर्जनपासून छोटं न्यूरल नेटवर्क घेतलं, आणि पुढे त्याचं ट्रेनिंग लीलाच्याच डेटावर होऊ लागलं, म्हणजे शिकवणी एकाच घरची. माणसासारखा खेळ हवा असेल तर या दोघांनाही सोडा आणि माइया हे इंजिन बघा, ते लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवरच्या 1100 ते 1900 रेटिंगच्या माणसांच्या डावांवर शिकवलंय, चुकाही आपल्यासारख्याच करतं, मला तर समोर बसवायला तेच बरं वाटतं.

तरी मॅच लावायचीच असेल तर इंजिनांना एकमेकांशी खेळवणारं क्यूटचेस फुकट आहे. पाँडरिंग (समोरच्याच्या पाळीतही विचार करत राहणं) बंद करा, नाहीतर एकाची पाळी असताना दुसरा प्रोसेसर खातो. प्रत्येक ओपनिंग दोन्ही रंगांनी खेळवा, डाव शेकड्यांनी होऊ द्या, आणि ग्राफिक्स कार्ड नसेल तर लीलाला छोटं नेटवर्क द्या. शिवाय मॅच रात्री लावा, मे महिन्यात इथे दुपारी लॅपटॉप तापला की नोड्स पर सेकंदचा (सेकंदाला किती पोझिशन्स बघितल्या त्याचा) आकडा डोळ्यांदेखत खाली येतो, आणि निम्मे डाव थंड मशीनवर, निम्मे तापलेल्यावर झाले तर तुलना कशाची करणार.