वाचकांचे प्रश्न : फू हायफेंग आणि त्याचे दोन जोडीदार

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा रोज पहाटे बॅडमिंटनचा सराव करतो. गेल्या महिन्यात त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला एकेरी सोडून दुहेरीकडे वळण्यास सुचवले आणि चीनचा माजी खेळाडू फू हायफेंग याचे जुने सामने पाहायला सांगितले. मुलगा उत्साहात आहे. मला मात्र वाटते की, एकेरीत जे मागे पडतात त्यांची सोय दुहेरीत लावली जाते. हा फू हायफेंग कोण, आणि त्याच्या यशात त्याचा स्वतःचा वाटा किती व जोडीदाराचा किती?
— एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : दुहेरीत कोणाचा वाटा किती, हे सहसा सांगता येत नाही, पण फूच्या बाबतीत थोडेफार सांगता येते, कारण त्याने पुरुष दुहेरीचे ऑलिंपिक सुवर्णपदक दोनदा जिंकले आणि दोन्ही वेळा त्याच्या शेजारी वेगळा खेळाडू होता. २०१२ साली लंडनमध्ये त्साय युन होता, तर २०१६ साली रिओमध्ये झांग नान. फूच्या आधी कोणालाही पुरुष दुहेरीची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळाली नव्हती. पुढे तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांनी टोकियो आणि पॅरिसमध्ये ती मिळवली, पण ती एकाच जोडीने.

ग्वांगडोंग प्रांतातला फू प्रथम प्रसिद्धीस आला तो त्याच्या स्मॅशमुळे, म्हणजे वरून खाली मारलेल्या जोरदार फटक्यामुळे. २००५ साली बीजिंगमधील सुदिरमन करंडक या देशांच्या संघांमधील स्पर्धेत त्याचा एक स्मॅश ताशी ३३२ किलोमीटर वेगाने गेल्याची नोंद झाली आणि पुढे बरीच वर्षे हाच आकडा स्पर्धेतील विक्रम म्हणून सांगितला जात असे. मात्र हा आकडाच त्याची ओळख बनावी, हे मला त्याच्यावर अन्याय करणारे वाटते. पाठीमागून कितीही जोरात फटका मारला, तरी समोरची चांगली जोडी तो परत करतेच. त्या परत आलेल्या, किंचित उंच उडालेल्या शटलवर नेटजवळ झडप घालणारा कोणी नसेल, तर मागचा खेळाडू चार-पाच स्मॅशनंतर दमतो. त्साय युन ही झडप घालत असे. त्याची नजर आणि मनगट इतके चपळ होते की, प्रतिस्पर्ध्यांना शटल खाली ठेवण्याची जागाच सापडत नसे, नाइलाजाने ते उचलून मागे द्यावे लागे, आणि मागे फू उभाच असे.

या जोडीने २००६, २००९, २०१० आणि २०११ अशी चार जागतिक विजेतेपदे मिळवली. त्यांतले २००९ चे विजेतेपद आपल्या हैदराबादला, गच्चीबोवलीच्या स्टेडियममध्ये मिळाले. कोरियाच्या जुंग जे-सुंग आणि ली योंग-दे यांच्याविरुद्धचा तो अंतिम सामना २१-१८, १६-२१, २८-२६ असा सुटला. वीस-वीस बरोबरीनंतर दोन गुणांची आघाडी लागते आणि तीसला गेम संपतोच, हे लक्षात घेतले म्हणजे २८-२६ या आकड्यामागचा ताण कळतो. मुलाला पहिला सामना हाच दाखवा, आणि शटलऐवजी त्सायच्या पायांकडे पाहायला सांगा.

या यशाआधी पराभवही होते. अथेन्सहून २००४ साली ही जोडी पदकाविना परतली. २००८ साली बीजिंगमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, अंतिम सामन्याचा पहिला गेम २१-१२ असा सहज जिंकूनही इंडोनेशियाच्या मार्किस किडो आणि हेंद्रा सेतियावान यांच्याकडून ती हरली. लंडनला त्यांनी डेन्मार्कच्या मथियास बो आणि कार्स्टन मोगेनसेन यांना सरळ दोन गेममध्ये नमवले, तेव्हा पुरुष दुहेरीचे ऑलिंपिक सुवर्ण चीनला पहिल्यांदाच मिळाले. एकेरीत आणि महिला दुहेरीत वर्षानुवर्षे पदके लुटणाऱ्या देशाला यासाठी २०१२ पर्यंत थांबावे लागले, यावरून हा प्रकार मागे पडलेल्यांची सोय आहे की स्वतंत्र विद्या, याचा अंदाज आपल्याला येईल.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. त्सायशी असलेली जोडी लंडननंतरच्या काळात सुटली आणि फूला झांग नानबरोबर नव्याने उभे राहावे लागले. झांग त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान, आणि लंडनमध्येच मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकलेला. मिश्र दुहेरीत पुरुष खेळाडू बहुतांशी मागचे कोर्ट सांभाळतो, त्यामुळे झांगला मागूनही खेळता येत असे. परिणामी बत्तिशीतल्या फूवर प्रत्येक रॅलीत मागे धावण्याचा भार राहिला नाही, पण त्याला स्वतःला नेटवर अधिक वेळा यावे लागले. एका जोडीदाराबरोबर दहा वर्षे जे अंगात मुरले होते, त्यातले काही सोडून तो पुन्हा शिकला. रिओच्या अंतिम सामन्यात मलेशियाच्या गो व्ही शेम आणि तान वी किओंग यांच्याविरुद्ध पहिला गेम गमावल्यावर १६-२१, २१-११, २३-२१ असा विजय मिळाला. म्हणून मी म्हणेन की, स्मॅश फूचा होता, त्याला फळ येण्याची जागा जोडीदाराने तयार केली, आणि जोडीदार बदलल्यावर ती जागा पुन्हा शोधण्याची तयारीही फूचीच होती. आपल्या मुलाला ही तयारी आवडत असेल, तर प्रशिक्षकांचा सल्ला अवश्य ऐका.

प्रश्न : फू डावखुरा होता. दुहेरीत एक डावा आणि एक उजवा खेळाडू असणे आवश्यक असते का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आवश्यक नाही, उपयुक्त मात्र आहे. बचावाच्या वेळी दोघे शेजारी उभे राहिले आणि डावखुरा डावीकडे असला, तर दोन्ही बाजूंच्या रेषांवर फोरहँड, म्हणजे खेळण्याच्या हाताच्या बाजूचा फटका, मिळतो. जागा बदलल्या, तर मधल्या पट्ट्यावर दोघांचेही फोरहँड येतात. त्साय आणि झांग हे दोघेही उजव्या हाताने खेळत, त्यामुळे फूला ही सोय दोन्ही काळांत मिळाली. पण लंडनच्या अंतिम फेरीत समोरचा मथियास बो हाही डावखुराच होता, म्हणजे केवळ त्या बळावर सामना जिंकला गेला नाही. हाच बो पुढे भारताची दुहेरीतील जोडी सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईच्या चिराग शेट्टी यांचा प्रशिक्षक झाला; ते दोघेही उजव्या हाताने खेळतात.