‘व्हेन द रेन स्टॉप्ड’ हे पूर्ण वाक्य का नाही?

बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाने विचारलंय की ‘व्हेन द रेन स्टॉप्ड’ यात सब्जेक्ट आहे, व्हर्ब आहे, पाऊस थांबला हेही कळतं, मग याला डिपेन्डन्ट क्लॉज (दुसऱ्यावर अवलंबून असलेलं उपवाक्य) का म्हणायचं आणि नुसतं ‘द रेन स्टॉप्ड’ इंडिपेन्डन्ट कसं? आणि बिकॉजने वाक्य सुरू करायचं नाही असं शाळेत सांगितलेलं, ते खरं का?

आधी ती ‘अर्थ पूर्ण तर इंडिपेन्डन्ट, अर्थ अर्धवट तर डिपेन्डन्ट’ वाली व्याख्या बाजूला ठेवा, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ‘ही डिड इट’ घ्या. कोणी केलं कळत नाही, काय केलं तेही नाही, तरी ते स्वतःच्या पायावर उभं असलेलं पक्कं इंडिपेन्डन्ट क्लॉज आहे. म्हणजे फरक अर्थाचा नाही, सुरुवातीला बसलेल्या शब्दाचा आहे. व्हेन, बिकॉज, इफ, दो, अनलेस, व्हाइल यातला कुठलाही शब्द चांगल्या धडधाकट वाक्याच्या आधी लावला की ते दुसऱ्या वाक्याला बांधलं जातं, शब्द काढला की पुन्हा मोकळं. ‘द रेन स्टॉप्ड’ मोकळं, ‘व्हेन द रेन स्टॉप्ड’ बांधलेलं, बाकी आत काहीच बदललेलं नाही.

मराठीत आपण हेच मिश्र वाक्य, त्यातलं प्रधान वाक्य (इंडिपेन्डन्ट) आणि गौण वाक्य (डिपेन्डन्ट) म्हणून शिकलोय. पण मराठीला जोडीची सवय आहे, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी, जो-तो, म्हणजे दोन्ही बाजूंना खूण असते. इंग्रजीत खूण बहुतेक वेळा एकाच बाजूला, गौण वाक्यावर. म्हणून आपल्याकडे हमखास ‘ऑल्दो ही इज रिच, बट ही इज अनहॅपी’ किंवा ‘बिकॉज आय वॉज इल, सो आय डिड नॉट कम’ असं लिहिलं जातं, कारण डोक्यात ‘जरी-तरी’ वाजत असतं. ऑल्दो आलं की बट नको, बिकॉज आलं की सो नको. (इफ-देन चालतं, दो-येटही चालतं, कारण तिथे देन आणि येट हे क्रियाविशेषणासारखे येतात, दुसरं वाक्य जोडायचं काम ते करत नाहीत.)

ओळखायचं कसं, तर मी आधी काळ दाखवणारी क्रियापदं मोजायला सांगेन. ‘द मॅन आय मेट येस्टर्डे इज अ डॉक्टर’ यात जोडणारा शब्द दिसतच नाही, पण मेट आणि इज अशी दोन क्रियापदं आहेत म्हणजे क्लॉजही दोन, मधलं ‘आय मेट येस्टर्डे’ हे गौण, त्याच्या आधीचं हूम किंवा दॅट गाळलेलं आहे. मराठीत आपण ‘काल मला भेटलेला माणूस’ म्हणून एका धातुसाधितात (क्रियापदापासून बनलेल्या ‘भेटलेला’ या शब्दात) हे उरकतो, त्यामुळे तिथे वेगळं वाक्य आहे हेच लक्षात येत नाही.

आता एक अडचण आहे जी पुष्कळ गाईडांमध्ये सांगतच नाहीत. ‘गौण भाग काढा, उरेल ते प्रधान आणि ते एकटं उभं राहील’ ही युक्ती नामवाक्याला, म्हणजे नामाचं काम करणाऱ्या गौण वाक्याला, लागू पडत नाही. ‘व्हॉट ही सेड इज ट्रू’ मधून ‘व्हॉट ही सेड’ काढलं तर उरतं ‘इज ट्रू’, त्याला कर्ताच नाही! कारण ते अख्खं गौण वाक्यच कर्ता होऊन बसलंय. तिथे काढून बघायचं नाही, त्या जागी ‘इट’ घालून बघायचं, ‘इट इज ट्रू’, बसलं की समजा ते नामवाक्य आहे.

आणि गौण वाक्य कुठल्या प्रकारचं आहे यावर काळ ठरतो म्हणून हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. आपण म्हणतो ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’, दोन्हीकडे भविष्यकाळ, इंग्रजीत मात्र ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल यू’, व्हेननंतर विल नाही कारण ते वेळ सांगणारं क्रियाविशेषणवाक्य आहे. पण ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ यात विल अगदी बरोबर, कारण इथे तेच व्हेन नामवाक्य सुरू करतंय, काय माहीत नाही याचं उत्तर देतंय. तसंच ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ नाही, ‘व्हेअर ही इज’. मराठीत ‘तो कुठे आहे’ हा प्रश्न वाक्यात बसवला तरी शब्दांचा क्रम तोच राहतो, इंग्रजीत प्रश्नाचा उलटा क्रम गौण वाक्यात पुन्हा सरळ करावा लागतो. माझ्या मते मराठी माणसाने सगळ्यात जास्त घोटवायची गोष्ट हीच.

स्वल्पविरामाचं थोडक्यात, गौण वाक्य आधी आलं तर त्याच्यानंतर द्यायचा, शेवटी आलं तर बहुतेक वेळा नको. हाऊएव्हर आणि देअरफोर हे मात्र गौण वाक्य बनवणारे शब्द नाहीत, त्यामुळे ‘इट रेन्ड, हाऊएव्हर वी वेन्ट’ असं नुसत्या स्वल्पविरामाने दोन वाक्यं जोडणं चूक, तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या.

राहिलं बिकॉज. ‘बिकॉज इट वॉज लेट, वी टुक अ रिक्षा’ हे निर्दोष इंग्रजी आहे, बिनधास्त लिहा. शाळेत बंदी घालतात कारण मुलं ‘व्हाय’ च्या उत्तरात नुसतं ‘बिकॉज इट वॉज लेट.’ लिहून पूर्णविराम देतात. बोलताना ते चालतं, पेपरात ते अर्धं वाक्य धरलं जातं आणि मार्क जातात. म्हणजे सुरुवातीला बिकॉज असण्यात काहीच चूक नाही, पुढे प्रधान वाक्य आलंय का एवढंच बघायचं.