जुन्या गाडीचं इंजिन थंड असताना टक-टक करतं, गरम झालं की गप्प. इंजिन उघडावं का?

तुम्ही लिहिलंय, पेट्रोल गाडी, तीन आठवड्यांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. सकाळी पहिल्यांदा चालू केली की टक-टक-टक, चार-पाच मिनिटांत बंद, मग दिवसभर काही नाही. मेकॅनिक म्हणतो टॅपेट (झडपा उघडणारे छोटे भाग) गेले, हेड (इंजिनचा झडपा असलेला वरचा भाग) उघडू. माझं उत्तर: अजून उघडू नका.

माझ्याही गाडीला अगदी हेच होतं. घ्यायला गेलो तेव्हा मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली होती. मला वाटलं, किती अगत्य! बॉनेटवर हात ठेवून पाहायला हवा होता. गरम लागला असता तर तेव्हाच शंका आली असती. असो.

आवाज कसा येतो यापेक्षा तो कधी येतो आणि कधी जातो, हे जास्त बोलतं. तुमचा आवाज थंडीत येतो आणि गरम झाल्यावर जातो. चालू केल्या केल्या दोन-चार सेकंद खडखडून थांबत असेल, तर ऑइल वर पोचेपर्यंतचा तो आवाज असतो: हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर चालणारे), नाहीतर टायमिंग चेनचा, म्हणजे झडपांची वेळ सांभाळणाऱ्या साखळीचा, टेन्शनर, जो तिला ताणून धरतो. रोज होत असेल तर चेन तपासून घ्या, हा आवाज सोडून देण्यासारखा नाही. पण तुमचा आवाज मिनिटांचा आहे. ऑइलचं प्रेशर यायला इतका वेळ लागत नाही. मिनिटं लागतात ती धातू तापून फुगायला. म्हणून माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधून धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्या) गॅस्केटवर, म्हणजे सांध्यातल्या पातळ सीलवर.

गॅस्केट फाटलं किंवा मॅनिफोल्डचा एखादा स्टड (त्याला हेडवर आवळून धरणारी आट्यांची सळई) तुटला की तिथून धूर फट-फट बाहेर पडतो. मॅनिफोल्ड तापलं की फट मिटते, आवाज बंद. आणि हा आवाज टॅपेटसारखाच का वाटतो? फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडतो आणि झडपही दोन फेऱ्यांत एकदाच उघडते. ताल एकच, त्यामुळे भल्याभल्यांचे कान फसतात. माझ्या मेकॅनिकने तर टॅपेट सेटही करून दिले होते. आवाज जिथल्या तिथे.

शेवटी सापडलं ते टॉर्चच्या उजेडात. इंजिन थंड असताना मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर शेवटच्या सिलिंडरपाशी काजळीचा बोटभर काळा ओघळ होता, दिव्याच्या काचेवर धरते तशी. खाली स्टडचं टोक नटासकट गायब. तुम्हीही आधी हेच बघा. डोळ्यांना नाही दिसलं तर थंड इंजिन चालू करा, हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं सांध्याजवळून फिरवा. गळतीपाशी फट-फट एकदम कानात शिरते. (लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायची जुनी युक्ती धातूच्या ठोक्यांसाठी चांगली, हवेच्या आवाजासाठी नळीच बरी.) सैल बाही, ओढणी, लांब केस बेल्टपासून दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असलं तरी मधेच आपोआप फिरू शकतो, हे विसरू नका.

इंजिन चालू करण्याआधी डिपस्टिकही (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून बघा. ऑइल कमी असेल तर भरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका. कधी कधी तेवढंच निघतं. ऑइल मधासारखं दाट वाटलं तर विकणाऱ्याने आवाज दाबायला जाड ऑइल ओतलं असण्याची शक्यता आहे. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल घालून मगच आवाजाचा निकाल लावा.

सीटी किंवा करकर असती तर मी बेल्ट आणि त्यावरच्या बेअरिंगपासून सुरुवात केली असती, पण तुमचं ते वर्णन नाही. भीती बाळगायची ती एकाच आवाजाची: खोल, जड ठोका, दारावर मुठीने मारल्यासारखा, जो गरम झाल्यावर जात नाही, उलट वाढतो, आणि ॲक्सिलरेटर दाबून सोडताना स्पष्ट येतो. तो कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) बेअरिंगचा. तसं ऐकू आलं, किंवा चालू इंजिनात ऑइलचा लाल दिवा लागला, तर तिथेच बंद करा आणि गाडी टो करून न्या.

आता मेकॅनिककडे जायचं कसं? चालवत गेलात तर पोचेपर्यंत इंजिन गरम, आवाज गायब, आणि तुम्ही वेड्यात निघाल. माझं तसं दोनदा झालं. गाडी आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे ठेवा आणि सांगा, सकाळी मी आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. मग बॉनेट उघडं ठेवून दोघांनी मिळून ऐका.