पेशींची निवड झाल्यावरही पहारा कशासाठी?

प्रश्न: स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) छातीतील थायमस ग्रंथीत आधीच नष्ट होत असतील, तर नियामक टी पेशींची गरज काय? आणि त्या वाढवल्या तर संधिवातासारखे स्वयंप्रतिकार विकार बरे होतील का?

उत्तर: थायमसमधील निवड कडक असली तरी अचूक नसते. शरीरातील प्रथिनांशी घट्ट जुळणाऱ्या बहुतेक टी पेशी तेथे संपतात, पण काही निसटतात आणि निरोगी माणसाच्याही रक्तात फिरत राहतात. त्यांना आवर घालण्याचे काम नियामक टी पेशी करतात.

याचा मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ साली मांडला. ज्यांच्या पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन असते अशा टी पेशी वगळून उरलेल्या पेशी त्यांनी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या, तेव्हा त्या उंदरांच्या थायरॉइड, जठर अशा अवयवांवर प्रतिकारयंत्रणेने हल्ला चढवला. वगळलेल्या पेशी, म्हणजेच नियामक टी पेशी, वेळीच परत दिल्या, तर मात्र हा विकार टळला. पुढे २००१ साली मेरी ब्रंकाउ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाने अशाच गंभीर विकाराने लहानपणीच दगावणाऱ्या उंदरांमधील सदोष जनुक शोधले. तेच फॉक्सपी३; नियामक टी पेशी घडण्यासाठी ते लागते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्यातील दोषाचा जीवघेणा आजार माणसांत मुख्यतः मुलग्यांना होतो. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अगदी यथायोग्य आहे.

या पेशी आवर घालतात तो अनेक मार्गांनी. टी पेशींना वाढीसाठी इंटरल्यूकिन-२ हे संदेशवाहक द्रव्य लागते; सीडी२५ हा ते द्रव्य पकडणाऱ्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) भाग असल्याने नियामक पेशी ते आधीच शोषून घेतात आणि इतरांच्या वाट्याला कमी उरते. शिवाय टी पेशींना चेतवणाऱ्या डेंड्रायटिक पेशींच्या पृष्ठभागावरील चेतना देणारी प्रथिने त्या सीटीएलए-४ या आपल्या प्रथिनाच्या साहाय्याने अक्षरशः ओढून काढतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सरसकट वाढ करणे धोक्याचे आहे, कारण अनेक कर्करोगांच्या गाठींत याच पेशी गोळा होऊन गाठीवरचा हल्ला थोपवतात, आणि जंतुसंसर्गातही अवेळी आलेला लगाम महागात पडू शकतो. म्हणूनच आता संशोधकांचा एक महत्त्वाचा प्रयत्न, ज्या अवयवावर हल्ला होतो आहे तेथील प्रथिने ओळखणाऱ्याच नियामक पेशी तयार करून रुग्णाला देण्याचा आहे. संधिवातावर ही अजून रूढ उपचारपद्धती झालेली नाही, तेव्हा चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.